दाद मागणे : याचना की धर्म?

जे वाट्याला येईल ते ईश्वराची इच्छा समजून शांतपणे स्वीकारावे, अशी शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. अन्याय सोसू नये, हीदेखील शिकवण आपण तितक्याच आदराने ऐकत आलो आहोत. या दोहोंमधील विरोध एरवी फारसा जाणवत नाही. परंतु एखादा आजारी मनुष्य शासनाकडे साहाय्य मागतो, त्याला नकार मिळतो, आणि आता वरच्या अधिकाऱ्याकडे दाद मागावी की मुकाट्याने घरी बसावे, असा प्रश्न पुढे येतो, तेव्हा हा विरोध लख्ख दिसू लागतो. त्यातून तो आजार डोळ्यांना न दिसणारा, मनाचा असेल तर प्रश्न अधिकच अवघड होतो. वाचकांनी आमच्याबरोबर या प्रश्नाचा थोडा विचार करावा, एवढ्यासाठी हा लेख आहे.

चिंता कोणाला नाही? पाऊस लांबला की शेतकऱ्याला चिंता, मुलीचे लग्न ठरेपर्यंत आईबापांना चिंता. ही चिंता कारणासह येते आणि कारण सरले की जाते. तीव्र चिंताविकार याहून वेगळा आहे. त्यात कारण नसताना छाती धडधडते, श्वास अपुरा पडतो, हातपाय कापतात, झोप उडते, आणि दाराबाहेर पाऊल टाकणे म्हणजे कड्यावरून उडी टाकण्यासारखे वाटू लागते. महिनोन्महिने ही स्थिती टिकली की हातचे काम सुटते, माणसे तुटतात, आणि शेवटी आंघोळ-जेवणासारख्या साध्या गोष्टींसाठीही दुसऱ्याच्या आधाराची गरज लागते.

अशा मनुष्यास आपण काय सांगतो? ‘धीर धर, भिऊ नकोस, नामस्मरण कर.’ नामस्मरणाचे महत्त्व आम्ही देवळाच्या सावलीत वाढलेल्यांनी कमी लेखावे असे मुळीच नाही. परंतु केवळ उपदेशाने हा विकार हटत नाही, याची साक्ष खुद्द गीतेतच आहे. पहिल्या अध्यायात अर्जुनाचे तोंड कोरडे पडते, शरीराला कंप सुटतो, त्वचेचा दाह होतो, हातातून धनुष्य गळते. हा मनुष्य भेकड नव्हे. त्याच्यासारखा धनुर्धर दुसरा नव्हता. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी भगवंत त्याला कठोर शब्दांत बोल लावतात, हे खरे. पण त्या बोलण्याने अर्जुन उठून उभा राहत नाही. तो पुन्हा आपले दुःखच सांगतो, आपण शरण आलो आहोत म्हणतो आणि मौन धरतो. त्यानंतर भगवंत त्याच्याशी किती काळ बोलले, हे गीतेचे उरलेले अध्याय सांगतात. ‘भिऊ नकोस’ एवढे म्हणून आपण जेव्हा मोकळे होतो, तेव्हा गीतेतील दोन श्लोक घेऊन बाकीची गीता बाजूस ठेवतो.

आता कायद्याकडे वळू. आपल्या देशात १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यातच मानसिक आजाराचा समावेश होता. पुढे २०१६ साली नवा कायदा झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो अमलात आला. त्यात एकवीस प्रकारची अपंगत्वे मोजली असून मानसिक आजार हा त्यांपैकी एक आहे. विचार, भावना वा स्मृती यांचा असा मोठा बिघाड, की ज्यामुळे जीवनातील नित्याच्या गरजा भागवण्याची शक्तीच खुंटते, असा त्याचा आशय आहे. म्हणजे कायदा रोगाच्या नावापेक्षा रोगाने माणसाचे काय केले याकडे पाहतो. केवळ चिंताविकार आहे म्हणून दाखला मिळतोच असे नाही, आणि केवळ अंग धडधाकट दिसते म्हणून तो नाकारावा असेही नाही.

हे मापन करण्यासाठी भारतीय मानसरोगतज्ज्ञांच्या संघटनेने एक पद्धती सिद्ध केली आणि २००२ साली शासनाने ती स्वीकारली. स्वतःच्या शरीराची निगा, माणसांशी वागणे, बोलणे व समजणे, आणि काम, या चार बाबतींत प्रत्येकी शून्यापासून चारपर्यंत गुण द्यावयाचे आणि आजार किती काळ टिकला याचे गुण त्यांत मिळवावयाचे. वीसांपैकी सात गुण झाले म्हणजे ४० टक्क्यांची रेषा गाठली जाते. राज्याच्या सामाजिक सुरक्षा पेन्शनीची वाट याच रेषेपासून सुरू होते. केंद्राची २००९ ची इंदिरा गांधी पेन्शन योजना तर दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील ८० टक्के अपंगत्वासाठी आहे, आणि तिच्यात केंद्राचा वाटा २०१२ पासून महिना ३०० रुपये ठरला. रक्कम लहान आहे. पण ज्या घरात कमावता हात थांबला आहे, तेथे औषधाचा आणि बसभाड्याचा खर्च त्यातूनच निघतो.

या मापनातील अडचण आमच्या परिचयाच्या एका घरात आम्ही जवळून पाहिली. त्या घरातील तरुण दुकानात हिशेब लिहीत असे. चार वर्षे झाली, तो घराबाहेर पडू शकत नाही. गर्दीत, बसमध्ये, अनोळखी माणसासमोर त्याला घाम फुटतो आणि वाचा बसते. तपासणीच्या दिवशी आईने त्याला पहाटे उठवून स्नान घातले, धुतलेला सदरा चढवला, हाताला धरून बसमध्ये बसवले आणि घाट चढून त्याला तपासणीच्या ठिकाणी नेले. तेथे विचारलेल्या दोनचार प्रश्नांना त्याने खाली मान घालून ‘हो, ठीक आहे’ अशी उत्तरे दिली. कारण लवकर सुटका व्हावी एवढीच त्या वेळी त्याची इच्छा होती. स्वच्छ कपडे, शांत उत्तरे आणि स्वतः चालत आलेला मनुष्य! चाळीस टक्क्यांहून कमी आकडा पडला. आईने रात्रभर जे कष्ट घेतले, तेच मुलाच्या विरुद्ध पुरावा ठरले. तपासणाऱ्यांनी मुद्दाम अन्याय केला असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्यापुढे एक दिवस आला. उरलेली चार वर्षे त्यांच्यापुढे आलीच नाहीत.

पुढे ती माउली आमच्या वडिलांना म्हणाली, “गुरुजी, आता नको. नशिबात नव्हते.” देवळाच्या ओट्यावर यावर पुष्कळ बोलणे झाले. दाद मागू नये असे म्हणणाऱ्यांचे तीन मुद्दे होते, आणि तिन्हींचा नीट विचार झाला पाहिजे.

पहिला मुद्दा प्रारब्धाचा. जे व्हावयाचे होते ते झाले, आता झगडू नये. परंतु आजार हे प्रारब्ध मानले, तरी आजाऱ्याला आपण वैद्याकडे नेतोच ना? एका कचेरीतील एका दिवसाचा आकडा हे प्रारब्ध नव्हे; ते मनुष्याचे मत आहे. आणि मनुष्याचे मत चुकू शकते हे ओळखूनच २०१६ च्या कायद्याने कलम ५९ मध्ये अपिलाची सोय ठेवली आहे. अर्ज अमान्य झाला तर त्याची कारणे अर्जदारास लेखी कळवावीत, असेही २०१७ च्या नियमांत सांगितले आहे. कायदाच ज्याला अंतिम मानत नाही, त्याला आपण विधिलिखित का म्हणावे?

दुसरा मुद्दा स्वाभिमानाचा. सरकारच्या दारी पुन्हा पुन्हा हात पसरणे कुलीनाला शोभत नाही, असे वडीलधारे म्हणतात. त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. होळकर आणि पवार यांच्या काळी या मुलखात आलेल्या आपल्या घराण्यांनी मानाने जगण्याची सवय जपली आहे. परंतु याचना आणि दाद यांत फरक आहे. याचना करणारा दुसऱ्याच्या मर्जीवर उभा असतो. दाद मागणारा नियमावर उभा असतो. याचकाला कारण सांगावे लागत नाही, आणि त्याला नाही म्हणणाऱ्यालाही कारण द्यावे लागत नाही. दाद मागणारा मात्र आपले कारण मांडतो आणि समोरच्याचे कारण विचारतो. दाद मागणे हा राज्याच्या न्यायबुद्धीवर दाखवलेला विश्वासच होय.

याचे उदाहरण शोधावयास दूर जावयास नको. धामनोदपासून महेश्वर हाकेच्या अंतरावर. तेथून देवी अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ राज्य केले. सर जॉन माल्कम याने मध्य हिंदुस्थानाविषयीच्या आपल्या १८२३ च्या ग्रंथात त्यांच्याविषयी माहिती गोळा करून लिहिली आहे. बाईसाहेब उघड्या दरबारात बसत, प्रत्येक तक्रार स्वतः ऐकत. पुष्कळशी प्रकरणे त्या पंचांकडे वा कारभाऱ्यांकडे सोपवीत, परंतु त्या निर्णयावर कोणी त्यांच्याकडे दाद मागितली, तर अगदी क्षुल्लक प्रकरणही न कंटाळता तपाशीत, असा त्याचा आशय आहे. अशा दादेने त्यांच्या कारभाऱ्यांचा अपमान होतो, असे त्यांनी मानले नाही. ज्यांच्या नावाने आपण दिवा लावतो, त्यांनी दाद ऐकणे हे आपले कर्तव्य मानले. मग ती मागणे कमीपणाचे कसे ठरेल?

तिसरा मुद्दा अधिक सूक्ष्म आहे, आणि तो त्या तरुणानेच मांडला असे कळते. ‘ज्यांना हात नाहीत, डोळे नाहीत, त्यांना मिळू दे. मी आपले दुःख फुगवून का सांगू?’ ही सचोटी वंदनीय आहे. परंतु सत्य दोन बाजूंनी मोडते. दुःख वाढवून सांगणे जसे असत्य, तसेच ते लपवणे हेही असत्यच. ‘ठीक आहे’ हे त्या दिवशीचे त्याचे उत्तर विनयाचे होते, पण खरे नव्हते. अपिलात त्याने आपला चांगला दिवस वाईट म्हणून सांगू नये. मात्र वाईट दिवस वाईट म्हणून सांगितलाच पाहिजे. शिवाय एकाचा खरा हक्क मान्य झाल्याने दुसऱ्याचा हक्क बुडत नाही. उलट मनाच्या आजाराला न्याय मिळाला की मागून येणाऱ्यांची वाट सोपी होते. २०२१ सालच्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने राखीव पोलीस दलातील एका मनोरुग्ण अधिकाऱ्याच्या प्रकरणी मानसिक अपंगत्वाचा विचार न करता शिस्तभंगाची कारवाई चालवणे हा भेदभाव ठरतो, असे सांगितले. त्याच वर्षी फेब्रुवारीत न्यायालयाने असेही म्हटले होते, की परीक्षेत लेखनिक मिळण्यासारख्या सोयी ४० टक्क्यांच्या रेषेखालील व्यक्तींनाही केवळ त्या रेषेपायी नाकारता येत नाहीत. हे निर्णय कोणी तरी दाद मागितली म्हणूनच झाले.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग त्या तरुणाने अपील करावे, झाले! परंतु खरी अडचण येथेच आहे. हा आजार ज्या शक्तीवर घाला घालतो, तीच शक्ती दाद मागण्यास लागते. पांगळ्याला आपण ‘डोंगर चढून ये, मग कुबडी देतो’ असे म्हणत नाही; पण भयाने ग्रासलेल्याला ‘कचेरीत ये, अनोळखी माणसांपुढे उभा राहा, आपली बाजू ठामपणे मांड’ असे म्हणतो. म्हणून दाद मागण्याचा धर्म त्या एकट्याचा राहत नाही. तो शेजाऱ्यांचा, आप्तांचा आणि आपल्यासारख्या देवस्थानाच्या मंडळींचाही होतो.

हा धर्म कसा पाळावा? एकाने त्याच्यासोबत जावे. घरच्यांनी रोजची नोंद ठेवावी: आज जेवला की नाही, कोणाशी बोलला, किती वेळा श्वास कोंडला, कोणते काम सुटले. मापनाच्या चार बाबी वर दिल्याच आहेत. त्या धरून लिहिले तर तपासणाऱ्यापुढे एक दिवस न जाता वर्ष जाते. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे कागद तारखेप्रमाणे लावावेत. निर्णयाची लेखी प्रत घ्यावी आणि अपिलाची मुदत लगेच विचारून घ्यावी, कारण ती प्रत्येक राज्याने ठरवावयाची आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने अपंग व्यक्तीस विनामूल्य वकील मिळण्याचा अधिकार दिला आहे, तेव्हा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. आणि रात्री-अपरात्री भय अनावर झाले तर शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा सुरू झाली असून त्यावर बोलण्यास घर सोडावे लागत नाही.

अपील करूनही आकडा तोच राहील, हे शक्य आहे. तसे झाले तर मात्र तो निर्णय शांतपणे स्वीकारावा. कारण स्वीकाराची शिकवण प्रयत्न संपल्यानंतरची आहे, प्रयत्नाऐवजीची नव्हे. त्या टक्केवारीने पेन्शन ठरते, माणसाची किंमत ठरत नाही, हे त्या तरुणाला सांगणारे कोणी तरी त्या दिवशी त्याच्याजवळ असले पाहिजे.

त्या माउलीने अद्याप होकार दिलेला नाही. अर्ज लिहून तयार आहे. धारला सोबत जाण्यास आपल्या मंडळींपैकी कोणाला सवड असेल, त्यांनी सायंआरतीनंतर आमच्या वडिलांना भेटावे, ही विनंती.