आम्ही तसले नाही

अमरावतीच्या रुक्मिणीनगरात किंवा अकोल्याच्या जठारपेठेत मुलगा-मुलगी परदेशात असलेली घरं आता नवलाची राहिली नाहीत. रात्रीची जेवणं आटोपली की फोन डब्याला टेकवून उभा करायचा. तिकडे सकाळ झालेली असते. जेवला का, बर्फ पडला का, ऑफिस कसं चाललं, ही विचारपूस ठरलेली. "काऊन रे, चेहरा काऊन उतरला?" असं आईनं विचारलं की "काही नाही वं आई, झोप नाही झाली" हे उत्तरही ठरलेलंच.

झोप झालेली असते. सांगायचं नसतं ते वेगळंच. शेजारी बसणाऱ्यानं चौथ्यांदा विचारलेलं असतं, "पण तू मूळचा कुठला?" नावाचं शेपूट कुणीतरी न विचारता छाटून टाकलेलं असतं. केजीपासून इंग्रजी शाळेत गेलेल्या मुलीला "तुझं इंग्रजी किती छान आहे" अशी शाबासकी मिळालेली असते. फोडणीचा वास जिन्यात गेला म्हणून इमारतीच्या व्यवस्थापकाची चिठ्ठी आलेली असते, दाढी वाढलेली असल्यामुळे विमानतळावर बॅग दोनदा उघडलेली असते, आणि मीटिंगमध्ये आकडेमोडीचं काम निघालं की सगळ्यांच्या माना आपोआप याच्याकडे वळलेल्या असतात. यातल्या एकाही गोष्टीची पोलिसांत तक्रार होत नाही. तक्रार करण्याजोगं काही घडलेलंच नसतं. बूट घालून दिवसभर चालायचं आणि आत खडा आहे हे कुणाला सांगायचं नाही, असा हा प्रकार.

मुलं घरी सांगत नाहीत, कारण आपण काय सल्ला देणार हे त्यांना पाठ असतं. एक तर "लक्ष देऊ नको." नाहीतर "आपण तसले नाही, हे दाखवून दे त्यांना." पहिल्या सल्ल्याशी माझं भांडण नाही, दमलेल्या माणसाला तो कधीकधी उपयोगी पडतो. दुसरा मात्र मला घातक वाटतो. तो शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात वापरून झाला आहे आणि त्याचं काय झालं ते नोंदलेलं आहे.

भगतसिंग थिंड हा पंजाबी शीख पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्करात होता. त्यानं नागरिकत्व मागितलं. तेव्हाच्या कायद्यानं ते बाहेरून आलेल्यांपैकी फक्त गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच मिळे. हा कायदाच अन्यायाचा आहे, असं थिंडच्या बाजूनं कुणी म्हटलं नाही. म्हटलं ते असं, की हा उच्चजातीय आर्य आहे, म्हणजे गोराच आहे. हिंदुस्थानातला वरच्या जातीचा माणूस तिथल्या मूळ रहिवाशांशी सोयरीक करायला तितकाच नाखूश असतो, जितका अमेरिकी गोरा काळ्याशी, असाही दाखला वकिलांनी जोडला. आपली जात तिथं प्रमाणपत्र म्हणून पुढे केली गेली. 19 फेब्रुवारी 1923 रोजी न्यायालयानं एकमतानं अर्ज फेटाळला. वंशशास्त्र काही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा, असा एकूण निकाल. पाठोपाठ, आधी नागरिक झालेल्या अनेक हिंदी माणसांची नागरिकत्वं सरकारनं रद्द करायला घेतली. त्यातल्या वैष्णोदास बगई या कॅलिफोर्नियातल्या व्यापाऱ्यानं 1928 साली आत्महत्या केली.

थिंडला दोष देणं सोपं आहे. त्याच्यापुढे असलेल्या कायद्यातूनच त्याला वाट काढायची होती, हेही खरं. पण त्यानं मागितली ती सवलत होती. शिक्का असू द्या, फक्त माझ्या कपाळावर नको. सवलत मागणाऱ्याला एक गोष्ट आधी मान्य करावी लागते, की शिक्का मारण्याचा अधिकार समोरच्याला आहे आणि दुसऱ्या कुणावर तो बरोबरच बसतो.

शिवाय शिक्का मारणारा बारकाईनं बघत बसत नाही. 1982 साली डेट्रॉइटलगत मोटारधंद्यातल्या दोघांनी एका तरुणाला बॅटनं मारलं. त्यांचा राग जपानी गाड्यांवर होता; मेला तो चिनी वंशाचा अमेरिकी. 1987 साली न्यू जर्सीत टिकलीवरून स्वतःचं नाव ठेवलेली एक टोळी हिंदी कुटुंबांना शहर सोडण्याच्या धमक्या देत होती. त्याच वर्षी त्याच राज्यातल्या होबोकेनमध्ये मारहाणीत जो मेला तो पारशी होता. 2017 साली कॅन्ससमध्ये हैदराबादच्या इंजिनिअरवर गोळ्या झाडणाऱ्याला वाटलं, आपण इराणी मारले. "आम्ही मुसलमान नाही", "आम्ही चिनी नाही" ही वाक्यं कितीही मोठ्यानं म्हटली तरी गोळी ती ऐकायला थांबत नाही. 2020 साली करोनाच्या काळात चिनी दिसणाऱ्यांवर हल्ले होत होते, तेव्हा आपल्या कित्येक व्हॉट्सॲप गटांवर त्यांच्याबद्दलचे विनोद पुढे ढकलले जात होते. हे आपण विसरलो असलो तरी त्या गटांत ते अजून असतील.

आता गोड शिक्क्याकडे येऊ, कारण आपल्या घरांना खरा मोह त्याचा आहे. भारतीय हुशार, कष्टाळू, गणितात पक्के, कायदा पाळणारे. हे ऐकून वऱ्हाडातल्या बापाची छाती फुगते आणि त्यात गैर काय, असं कुणालाही वाटेल. पण ही हुशारी मोजली कशी गेली ते पाहा. 1946 ते 1965 या काळात भारतातून अमेरिकेत कायमचं राहायला जाण्याचा कोटा होता वर्षाला 100 माणसांचा. 1965 च्या कायद्यानं तो बदलला आणि शिकलेल्या, कसबी लोकांना दार उघडलं. डॉक्टर गेले, इंजिनिअर गेले, पुढे संगणकवाले गेले. अकोल्यातून जो तिथं पोचला तो जिनिंगमधून निघालेली रुई होता. सरकी इथंच राहिली. रुई पाहून तिकडचे म्हणाले, यांचं सगळंच पांढरं. आपणही त्यावर मान डोलावली.

या कौतुकाचा हिशेब दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर मांडला जातो. 1966 साली अमेरिकी वृत्तपत्रांत जपानी वंशाच्या लोकांच्या यशाचे लेख येऊ लागले, तेव्हा तिकडे काळ्या लोकांची समान हक्कांची चळवळ पेटलेली होती. हे बघा, यांनीही सोसलं, पण कुरकुर न करता वर आले. मग तुम्हालाच काय धाड भरली, असा त्या कौतुकाचा रोख. पुढे ती जागा आपल्यालाही मिळाली. ज्या पोराला गणित जमत नाही, जो टॅक्सी चालवतो, ज्याची नोकरी जाऊन व्हिसाचे दिवस भरत आले आहेत, त्यानं या गोड शिक्क्याखाली करायचं काय? तो तर घरीही सांगू शकत नाही. चेहरा का उतरला, याचं उत्तर अनेकदा इथं असतं.

वऱ्हाडी माणसाला हे समजायला अमेरिकेला जावं लागू नये. पुण्याच्या वसतिगृहात पहिल्या आठवड्यात "मले", "तुले", "काऊन" गिळायला शिकलेली पोरं आपल्याच घरातली आहेत. नाटक-सिनेमात वऱ्हाडी बोलणारा माणूस बहुतेक वेळा हसवायलाच येतो. आणि "विदर्भाचे का? तिकडे आत्महत्या फार होतात ना?" हा प्रश्न दया दाखवून विचारला जातो, तेव्हा तो हसण्यापेक्षा जास्त लागतो. अख्खा मुलूख एका बातमीत बसवलेला! आपल्याला ते कळतं. त्या वेळी आपण काय करतो? बहुतेक जण सफाईदार पुणेरी बोलून दाखवतात. आम्ही तसले नाही.

अमरावतीतच शाळा शिकलेला एक माणूस याच्या नेमका उलट वागला. श्रीधर व्यंकटेश केतकर, पुढे ज्ञानकोशकार. 1906 साली ते अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेले. आपल्या धर्माची थोरवी गाणारी व्याख्यानं देऊन वाहवा मिळवणं तिथं अवघड नव्हतं. केतकरांनी विषय निवडला जातिसंस्थेचा. 1909 साली आलेल्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकात एक इशारा होता, की हिंदू माणसं पृथ्वीवर जिथं जिथं जातील तिथं जात हा साऱ्या जगाचा प्रश्न होऊन बसेल. 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात आंबेडकरांनी जातीवरचा आपला निबंध वाचला, त्यात केतकरांचा हा इशारा उद्धृत केलेला आहे. केतकरांची सगळी मतं मला पटत नाहीत. पण परक्या देशात, परक्या लोकांसमोर, आपल्या घरातली घाण न लपवता अभ्यासाला घेणं याला छाती लागते.

फेब्रुवारी 2023 मध्ये सिॲटल शहरानं जातीवरून भेदभाव करण्यावर बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं तसंच विधेयक मंजूर केलं. राज्यपालांनी ते ऑक्टोबरात परत पाठवलं. विरोध करणाऱ्यांत आपले लोक मोठ्या संख्येनं होते. त्यांचं म्हणणं, अशा कायद्यानं प्रत्येक हिंदूकडे संशयानं बघितलं जाईल. ही भीती अगदीच पोकळ नाही. भारत म्हणजे जात, गाय आणि साप एवढंच ज्यांना ठाऊक आहे अशी माणसं तिकडे आहेत, आणि तिथल्या शाळेतल्या पोरांना "तू कुठल्या जातीचा?" हा प्रश्न वर्गात झेलावा लागतो. पण त्यावर इलाज म्हणून, ज्याला त्याच्याच देशबांधवानं ऑफिसात आडनावावरून बाजूला काढलं त्याला गप्प बसवायचं? गोऱ्या साहेबानं नावाचं शेपूट छाटलं तर वंशवाद, आणि आपल्याच पाटील-देशपांड्यानं आडनाव उकरून काढलं तर ती नुसती चौकशी, हा न्याय मला समजत नाही.

इथं घरात बघू. मेळघाट अमरावती जिल्ह्यातच आहे. परतवाड्याहून घाट चढला की चिखलदरा, पुढे धारणी. नव्वदच्या दशकापासून कुपोषणानं मेलेल्या बालकांच्या बातम्यांनी हे नाव वर्तमानपत्रांत आलं आणि मग आपल्या डोक्यात दुसरं काही उरलं नाही. तिथले आदिवासी कोरकू म्हणजे अडाणी, भुमकाकडे, म्हणजे गावच्या वैदूकडे जाणारे, मोहाची पिणारे, कामाला बरे पण विश्वासाचे नाहीत. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा आहे, मराठीशी तिचं कुळाचं नातं नाही. त्या कुळातली देशात सर्वांत पश्चिमेकडे बोलली जाणारी भाषा तीच. आपल्या दारातली ही गोष्ट किती अमरावतीकरांना माहीत आहे? त्यांची माणसं आपल्या इमारतींवर विटा वाहतात, शेतात सोयाबीन सोंगतात, होळीला घरी परततात, आणि एवढ्या वर्षांत आपण त्यांच्या भाषेतला "बस, पाणी पी" एवढा शब्द शिकलेलो नाही. कॉलेजला आलेल्या कोरकू मुलीला आपल्यातल्या भल्या बाई कौतुकानं म्हणतात, "तू मेळघाटची वाटतच नाहीस गं!" हेच वाक्य शिकागोत आपल्या मुलीला ऐकवलं जातं तेव्हा आपण त्याला काय म्हणतो?

थिंडच्या वकिलांनी ज्या मूळ रहिवाशांकडे बोट दाखवून "आम्ही तसले नाही" म्हटलं, त्यांच्यात हे कोरकूही आले.

याच जिल्ह्यातल्या पापळ गावचे पंजाबराव देशमुख एडिंबरा आणि ऑक्सफर्डला शिकले, बॅरिस्टर झाले. वैदिक वाङ्मयातल्या धर्माच्या उगमावर त्यांनी ऑक्सफर्डची डॉक्टरेट मिळवली होती. असा माणूस 1926 साली परतल्यावर त्याला अमरावतीत काय कमी होतं? साहेब होऊन बसता आलं असतं. वेदांचा अभ्यासक म्हणून पुढची रांग मिळाली असती. 1927 साली अंबादेवीचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून दलित पुढारी गवई आणि इतरांनी चळवळ उभी केली, तिच्या पाठीशी पंजाबराव उभे राहिले. त्याच नोव्हेंबरात अमरावतीला आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. पुढे जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर पंजाबरावांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या आणि 1932 साली शिवाजी शिक्षण संस्था काढली. लग्नही जातीबाहेर केलं. विलायतेत त्यांना काय ऐकून घ्यावं लागलं असेल याची चर्चा मी करत नाही. परतल्यावर ते स्वतःसाठी आत जाण्याची परवानगी मागत बसले नाहीत, ज्यांना बाहेर ठेवलं होतं त्यांच्या बाजूनं दारात उभे राहिले, एवढं मला पुरे आहे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. तिथून शिकून परदेशी जाणाऱ्या पोरांना निरोप देताना या गोष्टी कुणी सांगत असेल तर मला आनंद होईल.

मुलांशी बोलताना "दाखवून दे त्यांना" हे आता बंद करावं. "आज कुणी काही बोललं का?" असं सरळ विचारावं आणि उत्तर आलं तर मध्ये न बोलता ऐकावं. तिकडे कुणी काळ्या, चिनी, मेक्सिकन माणसांबद्दल आपल्यासमोर हलकं बोललं, तर आपलं पोरगं हसलं की गप्प बसलं की अडवलं, हेही विचारायला हरकत नाही. आणि जूनमध्ये धारणीहून, चिखलदऱ्याहून एसटीनं पोरं-पोरी खोली शोधायला अमरावतीत उतरतील, तेव्हा घरमालकांनी आडनाव, गाव, तुम्ही काय खाता, घरी कोण पितं, ही उलटतपासणी सोडावी. भाडं किती, अनामत किती, आणि नळ कधी येतो, एवढं सांगितलं की व्यवहार होतो. अकोल्यात नळाचं उत्तर द्यायला थोडा जास्त वेळ लागेल.