उपास की शिक्षा?



आजचे श्लोक: भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १६ आणि १७.

गेल्या एकादशीला मावसभावाचा फोन आला. पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहतो. म्हणाला, "दादा, आज कडक उपास. पाणीसुद्धा नाही."

"अरे वा, विठ्ठलासाठी?"

थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "खरं सांगू? काल रात्री दोन वाजता पिझ्झा मागवला, वर आइस्क्रीमचा अख्खा डबा. पोट भरलं होतं, तरी हात थांबेना. रूममेटला कळू नये म्हणून खोके खाली नेऊन टाकले. वजन वाढतच चाललंय. आजचा उपास म्हणजे त्याची भरपाई."

भरपाई! म्हणजे देवाच्या नावाने स्वतःला केलेली शिक्षाच की.

सहाव्या अध्यायात भगवंत ध्यान शिकवतायत. आसन कसं, बसायचं कसं हे सांगून झाल्यावर ते थेट जेवणावर येतात. फार खाणाऱ्याला योग साधत नाही, हे आपण सगळेच ऐकतो. पण त्याच श्लोकात अजिबात न खाणाराही आहे, आणि फार झोपणारा व जागरणं करणारासुद्धा! चौघे एकाच ओळीत. म्हणजे रात्रीचा पिझ्झा आणि दुसऱ्या दिवशीचा निर्जळी उपास ही एकाच चाकाची दोन टोकं झाली. झोपेचा उल्लेखही उगाच नाही. जागरण झालं की शरीरात भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं. सबमिशनच्या रात्री उगाच नाही खा-खा सुटत.

दुसऱ्या अध्यायातला ५९ वा श्लोकही इथे आठवतो. खाणं सोडलं की पदार्थ दूर जातात, पण त्यांची गोडी आत तशीच राहते. ती उपाशी राहून जात नाही, त्याहून मोठं काही भेटलं की सुटते.

मी त्याला वजन विचारलं नाही. एवढंच विचारलं, "चार जणांत बसून शेवटचं कधी जेवलास?"

"सेमिस्टर सुरू झाल्यापासून नाही, दादा."

आपल्या कीर्तन सप्ताहाचा शेवट काल्याने होतो. कान्हाने सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र केल्या आणि सवंगड्यांसोबत खाल्ल्या. लपवून खाण्यात लाज असते, वाटून खाण्यात प्रसाद.

तो त्या दिवशी पाणी प्यायला, फळं खाल्ली. द्वादशीला मेसमध्ये मित्रांसोबत जेवला. कॉलेजच्या समुपदेशकांनाही भेटणार आहे. मीच आग्रह केला. हात थांबतच नसेल तर तो आजार असू शकतो. २०१३ पासून डीएसएम-५ मध्ये बिंज ईटिंग डिसऑर्डर हे स्वतंत्र निदान आहे. डॉक्टरकडे गेल्याने श्रद्धा कमी होत नाही.

आजचा संकल्प: एक जेवण मोबाईल बाजूला ठेवून, कुणासोबत तरी. पहिल्या घासाआधी देवाचं नाव. आणि चुकलंच, तर पुढचं जेवण वेळेवर. शिक्षा नाही.

राम कृष्ण हरी!