गंजलेला पत्रा आणि अस्सलपणाचा प्रश्न

जुन्या मोटारीचा गंजलेला पत्रा कापून त्याजागी नवा बसविणे ही वरकरणी केवळ कारागिरीची बाब वाटते. वस्तुतः तिच्या मुळाशी अस्सलपणाविषयीचा नैतिक प्रश्न आहे. गंज बहुधा आतून लागतो. दारांखालच्या पोकळ भागांत, चाकांवरील कमानींच्या दुहेरी पत्र्यांत ओल साठते. रंगाला फोड येतो तेव्हा आतले लोखंड पुष्कळदा संपलेले असते. स्वतंत्र चासी नसलेल्या मोटारीत हा पत्रा भारही पेलतो. म्हणजे जो भाग इतिहासाचा पुरावा असतो, तोच सुरक्षिततेसाठी काढून टाकावा लागतो. कारागीर निरोगी धातूपर्यंत कापतो, नवा तुकडा वेल्डिंगने जोडतो, सांधा घासून रंग देतो. सांधा दिसेनासा होणे ही त्याच्या कौशल्याची कसोटी. पाहणाऱ्याची दिशाभूल होण्याचा संभवही तिथेच.

असे किती भाग बदलले म्हणजे मोटार ‘ती’ राहत नाही? १९९० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयापुढे हा प्रश्न एका विक्रीच्या वादातून आला. ‘ओल्ड नंबर वन’ या बेंटलीने १९२९ आणि १९३० मध्ये ल मांची शर्यत जिंकली होती. पुढे तिच्यात वारंवार बदल झाले. १९३२ मधील ब्रुकलंड्सच्या प्राणघातक अपघातानंतर ती पुन्हा उभारली गेली. १९२९ चे फारच थोडे भाग तिच्यात उरले होते. तरीही न्यायालयाने तिचा अस्सलपणा मान्य केला, कारण तिच्या अस्तित्वाचे सातत्य तुटलेले नव्हते.

अभिन्नत्व द्रव्यात नसून सातत्यात असते, हा निष्कर्ष ग्राह्य आहे. पण तो पुरेसा नाही. वस्तू ‘तीच’ आहे काय, एवढ्याचेच उत्तर त्यातून मिळते. तिचा कोणता अंश कोणत्या काळाची साक्ष देतो, हा प्रश्न उरतोच.

संहिताचिकित्सेला हा प्रश्न परिचित आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ‘ज्ञानेश्वरी’ची प्रत शुद्ध केली आणि ग्रंथाच्या अखेरीस तशी नोंद केली. त्यात लबाडी नाही. परंतु कोणता शब्द काढून कोणता घातला, हे त्या नोंदीतून कळत नाही. सांधा आहे हे ठाऊक, पण तो कुठे आहे हे अज्ञात. याउलट, भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत वगळलेले पाठभेदही पानाच्या तळाशी दिलेले आहेत. वाचक संपादकाचा निर्णय तपासू शकतो, प्रसंगी नाकारूही शकतो.

दुरुस्तीच्या नीतीच्या या तीन पायऱ्या मानता येतील: बदल लपविणे, बदल झाल्याचे सांगणे आणि काय बदलले ते दाखविणे. मोटारीच्या बाबतीत तिसरी पायरी अशक्य नाही. बाहेरून सांधा अदृश्य असला तरी आतल्या बाजूस खूण ठेवता येते. कापण्यापूर्वीची छायाचित्रे, मापे, काढलेले तुकडे जपता येतात. दृश्य अखंडता आणि सत्यकथन यांत अटळ विरोध नाही.

मात्र नोंद म्हणजे प्रायश्चित्त नव्हे. पाठभेद तळटीपेत जिवंत राहतो. कापलेल्या पत्र्यावरील ठोक्यांच्या आणि जोडांच्या खुणा कागदावर तशाच उतरत नाहीत. म्हणून जेवढे गंजले तेवढेच कापणे हे कारागिराचे पहिले कर्तव्य, आणि कापले ते सांगणे हे दुसरे. दुसऱ्याच्या भरवशावर पहिले सैल करणारी प्रामाणिकता अपुरीच ठरते.