घेण्याची लाज

प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत आपण भाकर मागतो ती एका दिवसापुरती. महिन्याची नव्हे, वर्षाची नव्हे, मुलांच्या शिक्षणाची किंवा म्हातारपणाची तरतूद म्हणून तर नव्हेच. रोज संध्याकाळी जपमाळ म्हणताना आम्ही वर्षानुवर्षे हे मागणे उच्चारीत आलो. परंतु खरे सांगायचे तर त्या वेळी आमच्या स्वयंपाकघरातील तांदळाचा डबा भरलेला असे. त्या शब्दांत भूक नसे, सवय असे.

२०२० च्या मार्च महिन्यात ती सवय मोडली. आमची वसईतील लहानशी वाडी, तिच्यातला मोगरा नुकताच बहरू लागलेला. पहाटे अंधारात कळ्या खुडायच्या आणि पहिल्या लोकलने दादरच्या बाजारात न्यायच्या, हा आमच्या घराचा तीन पिढ्यांचा क्रम. लोकल थांबल्या, बाजार थांबला, लग्ने थांबली. कळ्या झाडावरच उमलू लागल्या आणि दुपारच्या उन्हात पिवळ्या पडून गळू लागल्या. धाकटा भाऊ मुंबईतील एका हॉटेलात कामाला होता. पुढील सूचना मिळेपर्यंत येऊ नये आणि पगाराचीही अपेक्षा ठेवू नये, असा निरोप त्याला आला. घराच्या दुरुस्तीसाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते चालूच होते. रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली, ती नंतर वाढवून ३१ ऑगस्टपर्यंत नेली. व्याज मात्र चढतच राहिले. ५ एप्रिलचा झावळ्यांचा रविवार झावळ्यांवाचून गेला, १२ एप्रिलचा पास्काचा सण आम्ही मोबाइलच्या पडद्यासमोर गुडघे टेकून साजरा केला.

त्या दिवसांत आम्ही प्रार्थना पुष्कळ केली. देव उदार आहे, तो काही तरी करील, असे एकमेकांना सांगत राहिलो. आणि मग पास्कानंतरच्या आठवड्यात एके सकाळी ओट्यावर एक कापडी पिशवी दिसली. आत तांदूळ, तुरीची डाळ, तेलाची पिशवी आणि तळाशी चहाची पुडी. नाव नाही, चिठ्ठी नाही. ज्या देवाजवळ आम्ही महिनाभर मागत होतो, त्याने दिले होते. तरीही आईच्या तोंडून पहिले शब्द निघाले ते असे : "कोणी पाहिलं तर नाही ना?"

त्या एका प्रश्नाने आम्हांला पुढे कितीतरी दिवस अस्वस्थ केले. देवाकडून घेण्यास आमची तयारी होती. शेजाऱ्याकडून घेण्यास नव्हती. आकाशातून मान्ना पडला असता तर आम्ही टोपली घेऊन धावलो असतो. तोच मान्ना कोणाच्या तरी पिशवीतून आला, तेव्हा आम्ही दार लोटून घेतले.

मान्न्याची हकिकत मोठी विचार करण्याजोगी आहे. निर्गमाच्या पुस्तकात ती वाचताना आपले लक्ष चमत्काराकडे जाते, त्यामागच्या नियमाकडे जात नाही. ज्याने पुष्कळ गोळा केले त्याला जास्त झाले नाही आणि ज्याने थोडे केले त्याला कमी पडले नाही. उद्यासाठी ठेवले ते किडले. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट घ्यायची आज्ञा होती. म्हणजे देवाने उद्याचा विचार करूच नये असे सांगितले नाही. शेजाऱ्याच्या वाट्यावर आपला उद्या उभारू नये, असा त्या नियमाचा अर्थ आम्हांला लागतो.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील पाखरांचा आणि रानफुलांचा उतारा आम्ही त्या उन्हाळ्यात अनेकदा वाचला. फुलशेती करणाऱ्याला तो उतारा जरा वेगळ्या रीतीने लागतो. फूल कष्ट करीत नाही हे खरे. पण फूल खुडणारा करतो, पाणी शेंदणारा करतो, मोटर बिघडली की रात्री बावखळाच्या काठावर बत्ती धरून बसणारा करतो. प्रभूने चिंता करू नका म्हटले, काम करू नका असे म्हटले नाही. हा भेद सांगणे सोपे आहे, जगणे कठीण. कारण कर्जाच्या हप्त्याच्या आदल्या रात्री काम संपलेले असते आणि फक्त चिंताच हाताशी उरते.

देवाच्या औदार्याविषयी एक सोयीचा समज आपल्या घराघरांत शिरला आहे, तोही येथे तपासला पाहिजे. ज्याचे घर दुमजली झाले त्याच्यावर देवाचा आशीर्वाद आहे, असे आपण सहज म्हणून जातो. मग ज्याचे घर विकले गेले त्याच्यावर काय आहे? सदतिसाव्या स्तोत्राचा कर्ता म्हणतो की, आपण तरुण होतो ते वृद्ध झालो, पण नीतिमान माणूस टाकला गेल्याचे किंवा त्याची मुले भीक मागत असल्याचे कधी पाहिले नाही. आम्ही मोठ्या आदराने, पण प्रामाणिकपणे सांगतो की, आम्ही पाहिले आहे. मिस्सा न चुकवणारी, दशांश देणारी, कोणाचे वाईट न चिंतणारी माणसे त्या वर्षी उघड्यावर आली. ईयोबाचे मित्र असते तर त्यांनी या माणसांची गुप्त पापे शोधून काढली असती. आणि पुस्तकाच्या अखेरीस देव रागावला तो त्या मित्रांवर, हे आपण विसरतो. हबक्कूक संदेष्ट्याची श्रद्धा अधिक खरी वाटते. अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, गोठ्यात गुरे नाहीत, हे सारे तो एकेक करून मोजतो, काहीही झाकून ठेवीत नाही, आणि त्यानंतर देवाच्या ठायी आनंद मानण्याचे बोलतो. आधी मोजणी, मग आनंद. आपल्याकडे मोजणी टाळण्यालाच पुष्कळदा श्रद्धा म्हणतात.

संत जोसेफ कोत्तोलेंगो यांचे उदाहरण अशा वेळी आवर्जून दिले जाते. १८३२ साली इटलीतील तूरिन शहरात त्यांनी कोणालाच नको असलेल्या रुग्णांसाठी जे घर सुरू केले, त्याला ईश्वरी कृपेचे लहान घर असेच नाव दिले. उद्याच्या पैशाची ते फिकीर करीत नसत, असे सांगतात. परंतु हे सांगताना आपण एक गोष्ट गाळतो. त्यांचा तो भरवसा स्वतःच्या संसारासाठी नव्हता, दारात टाकलेल्या परक्या माणसांसाठी होता. १८४२ साली ते वारले. आपल्या हप्त्यांसाठी त्यांचे नाव घेताना थोडा संकोच वाटला पाहिजे.

आम्हांला अधिक जवळचे उदाहरण आपल्याच मातीतले वाटते. १९१८ साली मॉन्सिनियर पी. जे. मोनीस यांनी पापडी येथे एक लहानशी पतसंस्था सुरू केली. तिचीच पुढे बसीन कॅथॉलिक सहकारी बँक झाली. एका धर्मगुरूने हिशेबाची वही उघडावी, हे वरवर पाहता श्रद्धेच्या उलट वाटेल. परंतु गरजू माणसाला नुसते देवावर भरवसा ठेव असे सांगून परत पाठवणे त्यांना पुरेसे वाटले नसावे. याकोबाचे पत्र याच बाबतीत किती कठोर आहे! उघड्या-उपाशी माणसाला शांतीने जा म्हणायचे आणि काहीच द्यायचे नाही, याचा उपयोग काय, असे तो विचारतो. त्या वहीत थोड्या थोड्या रकमा मांडल्या गेल्या आणि एकाची शिल्लक दुसऱ्याच्या अडचणीला उपयोगी पडली. हा मान्न्याचाच नियम व्याजाच्या दरात बसवलेला, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

अर्थात कर्ज मिळू लागले की कर्जाचीही एक भूल पडते. लग्नाचा मांडव, बँड, दोन दिवसांची जेवणे, शेजाऱ्याने पाचशे पाने वाढली म्हणून आपण सातशे. आणि मग हप्ते फिटावेत म्हणून नोव्हेना. यात देवाच्या औदार्याचा प्रश्न कोठे येतो, ते आम्हांला उमगत नाही.

पुन्हा त्या पिशवीकडे वळू या. एलिया संदेष्टा दुष्काळात सारफथला गेला, तेव्हा देवाने त्याला कोणा सावकाराकडे पाठवले नाही. शेवटची भाकरी भाजून मुलासह मरायला निघालेल्या एका परक्या विधवेकडे पाठवले. तिच्या मडक्यातले पीठ सरले नाही, हा चमत्कार सर्वांना ठाऊक आहे. त्याआधी काय घडले ते मात्र दुर्लक्षित राहते : संदेष्ट्याने तोंड उघडून मागितले. राजासमोर ताठ उभा राहणारा माणूस एका गरीब बाईपुढे पाण्याचा घोट आणि भाकरीचा तुकडा मागत उभा राहिला. देणाऱ्याला मान असतो, तो देणे सहज शिकतो. घेणाऱ्याला आपला मान हातात धरून उभे राहावे लागते. आमच्या धर्मग्रामातील संत व्हिन्सेंट डी पॉल मंडळात काम करणाऱ्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आम्हांला सांगितले की, मदतीच्या यादीत खरी गरज असलेली नावे शेवटी येतात. पुष्कळदा ती शेजाऱ्यांनाच चोरून द्यावी लागतात. आमचे नावही असेच कोणी तरी दिले असावे.

ते कोणी दिले, पिशवी कोणी ठेवली, हे आम्हांला अद्याप समजलेले नाही. कधी मिस्सेत शांतीचे चिन्ह देताना हात जोडून मागच्या बाकाकडे वळतो, तेव्हा प्रत्येक चेहऱ्याविषयी तोच संशय येतो. आणि कोणाशी तुटकपणे वागणे जरा जड जाते. मोगरा २०२१ मध्येही थोडा वायाच गेला, नंतर सावरला. भाऊ दुसऱ्या ठिकाणी कमी पगारावर रुजू झाला. कर्जाचा काही भाग अजून बाकी आहे.

आईने ती पिशवी धुऊन, घडी घालून कपाटात ठेवली होती. परत कोणाला करायची, हा तिचा नेहमीचा प्रश्न. गेल्या पावसाळ्यात आळीतल्या एका घरातील कर्त्या माणसाची नोकरी गेल्याचे कळले. त्या दिवशी आईने पिशवी बाहेर काढली, तांदूळ भरले, चहाची पुडी आठवणीने तळाशी ठेवली, आणि काळोख पडण्याची वाट पाहत ओट्यावर बसून राहिली.