निवृत्ति कोणाची ?

सेवानिवृत्तीस आम्हांस आतां अवघें दीड वर्ष उरलें आहे. ज्याचें वय पन्नाशीच्या पुढें बरेंच सरकलें आहे अशा नोकरदार मनुष्यास त्याचे स्नेही जो प्रश्न हटकून विचारतात, तो आम्हांसही आठवड्यांतून एकदां तरी विचारला जातो : "मग पुढें काय ठरविलें आहे ?" ह्या प्रश्नाचीं उत्तरेंही ठरलेलीं आहेत. कोणी बागेचें नांव घेतो, कोणी राहून गेलेल्या वाचनाचें, कोणी मुलांकडे चार महिने जाऊन राहण्याचें, तर कोणी मोटार काढून देश पाहण्याचें. आम्हीही आजवर अशींच उत्तरें देत आलों. परंतु गेल्या वर्षभरांत घडलेल्या एकदोन लहानशा प्रसंगांनीं ह्या उत्तरांविषयीं आमच्या मनांत शंका उत्पन्न केली आहे, आणि ती वाचकांपुढें मांडावी असें वाटल्यावरून हे चार शब्द लिहीत आहों.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, निवृत्ति हा शब्द जुना असला तरी आज ज्या स्थितीस आपण तें नांव देतों ती स्थिति पुष्कळ नवी आहे. अंगावर सुरकुत्या दिसूं लागल्या, केस पिकले आणि मुलाच्या पोटीं मूल जन्मास आलें म्हणजे गृहस्थानें वनाची वाट धरावी, असें मनुस्मृति सांगते. तेथें वर्षांचा हिशेब नाहीं. आरसा आणि पाळणा हींच दोन गमकें. वयाचा आंकडा ठरवून त्याच्याशीं वेतन जोडण्याची पद्धति यूरोपांतील. जर्मनींत बिस्मार्कच्या कारकीर्दींत १८८९ सालीं वृद्धांच्या विम्याचा कायदा झाला, त्यांत सत्तर वर्षांची मर्यादा होती. ती १९१६ सालीं पासष्टावर आणण्यांत आली. आपल्याकडे केंद्र सरकारनें आपल्या नोकरांची मर्यादा १९९८ सालीं ५८ वरून ६० वर नेली. परंतु आंकड्यापेक्षां महत्त्वाचा भेद निराळाच आहे. वानप्रस्थ घर सोडून निघत असे. आजचा निवृत्त मनुष्य उलट घरीं परत येतो. आणि ज्या घरीं तो परत येतो, तेथें कोणाचें तरी काम पूर्वीपासून चालूच असतें. आमची शंका ह्या ठिकाणीं आहे.

आमचे वडील बंधु पाटबंधारे खात्यांतून निवृत्त झाले त्यास आठ वर्षें झालीं. त्यांच्याइतकें समाधानी आयुष्य आम्हीं क्वचितच पाहिलें असेल. सकाळीं पर्वतीच्या पायऱ्या चढून येतात, चहाबरोबर वर्तमानपत्र वाचतात आणि मग भिंग, चिमटा व बारीक पेंचकस घेऊन बंद पडलेलीं घड्याळें उघडून बसतात. जुन्या बाजारांतून आणलेलीं, शेजाऱ्यांच्या माळ्यावरून उतरलेलीं, किल्लीचीं, लंबकाचीं, अशीं पंधरावीस घड्याळें त्यांनीं पुन्हां चालतीं केलीं आहेत. संध्याकाळीं बागेंतील बांकावर समवयस्कांची बैठक असते. हिवाळ्यांत अमेरिकेंतला मुलगा येतो, उन्हाळ्यांत नाशिकची मुलगी येते, आणि वर्षांतून दोनदां मोटारीचा लांबचा प्रवास होतो.

अशा आयुष्यास नांवें ठेवणारे कठोर नीतिवादी आहेत, हें आम्ही जाणतों. ते अण्णासाहेब कर्व्यांकडे बोट दाखवितात. १९१४ सालीं अण्णासाहेब फर्ग्युसन कॉलेजांतून निवृत्त झाले आणि दोनच वर्षांनीं, १९१६ सालीं, त्यांनीं महिला विद्यापीठ स्थापिलें. असें उदाहरण डोळ्यांपुढें असतां घड्याळें दुरुस्त करीत काय बसावयाचें, असा त्यांचा आक्षेप. आम्हांस हा आक्षेप मान्य नाहीं. प्रत्येकानें कर्वे व्हावें असें म्हणणें हा कर्व्यांचाही गौरव नव्हे. ज्यानें पस्तीस वर्षें दुसऱ्यानें नेमून दिलेलें काम दुसऱ्यानें नेमून दिलेल्या वेळीं केलें, त्यास शेवटीं आपल्या मनाचें काम आपल्या मनाच्या गतीनें करण्याचा हक्क आहे. इंग्रज निबंधकार चार्ल्स लॅम ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरींत तेहतीस वर्षें खर्डेघाशी करून १८२५ सालीं पन्नाशींत मोकळा झाला. त्याच वर्षीं लिहिलेल्या निबंधांत त्यानें आपल्या मनाची स्थिति वर्णिली आहे. वेळेचें एवढें घबाड एकदम हातीं आल्यामुळें तो प्रथम भांबावून गेला, आणि जुन्या सोबत्यांस भेटावयास पुन्हां कचेरींत जाऊन आला. मोकळा वेळ कसा वापरावा हेंही शिकावें लागतें, आणि छंद तें शिकवितो. तेव्हां घड्याळांस आमची हरकत नाहीं.

आतां तो प्रसंग सांगतों. गेल्या डिसेंबरांत आमचा पुतण्या मुलाबाळांसह तीन आठवडे आला होता, आणि त्यांतील कांहीं दिवस आम्ही उभयतांही दादांकडे मुक्कामास होतों. घर गजबजून गेलें होतें. दादा नातवास मांडीवर घेऊन घड्याळाचें अंतरंग दाखवीत, आणि मुलें आलीं म्हणजे घर कसें भरून जातें, असें दिवसांतून दोनदां म्हणत. एके दिवशीं पहाटें पांचाच्या सुमारास आम्ही पाणी पिण्यासाठीं उठलों, तों स्वयंपाकघरांत दिवा दिसला. गुडघ्यास पट्टी गुंडाळून वहिनी पुरण वाटीत होत्या.

"वहिनी, इतक्या पहाटें ?"

"मुलं उठायच्या आंत एवढं उरकलं, म्हणजे मग दिवसभर त्यांच्यांत बसतां येतं." थोडें थांबून त्या हंसत म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या दादांना सरकारनं कागद देऊन घरीं बसवलं. मला कागद द्यायचा कुणी ?"

बोलण्यांत कडवटपणा नव्हता. दुपारीं आम्हीं चार पुरणपोळ्या खाल्ल्या, खोटें कशास बोलावें. परंतु तें वाक्य मात्र मनांतून गेलें नाहीं. त्या दिवशीं आम्हीं मुद्दाम लक्ष ठेवलें. न्याहारी, दोनदां चहा, धाकट्याचा भात, मोठ्यांचें जेवण, मागचें आवरणें, असें करतां करतां वहिनी मुलांत येऊन बसल्या तेव्हां तीन वाजले होते, आणि दहा मिनिटांत बसल्या जागींच त्यांचा डोळा लागला.

आम्हांस केटोची आठवण झाली. सिसरोनें इसवी सनापूर्वीं ४४ व्या वर्षीं वार्धक्यावर जो संवाद लिहिला, तो आम्हीं विद्यार्थिदशेंत इंग्रजी भाषांतरांतून वाचला होता. त्यांत वृद्ध केटो शेतीच्या सुखाचें असें कांहीं रसभरित वर्णन करतो कीं, द्राक्षांचा वेल लावण्यासाठीं तरी लवकर म्हातारें व्हावें असें वाचणाऱ्यास वाटतें. पुढें कित्येक वर्षांनीं खुद्द केटोनें शेतीवर लिहिलेला ग्रंथ आमच्या हातीं आला. त्यांत तो शेतमालकास बजावतो कीं, निरुपयोगी झालेल्या वस्तु विकून टाकाव्या. आणि त्या यादींत थकलेल्या बैलांबरोबर म्हातारा गुलाम व आजारी गुलाम यांचीही गणना आहे. ह्याबद्दल प्लुटार्कनें त्याला दोष दिला आहे. सिसरोनें रंगविलेल्या त्या रमणीय मळ्यांत वेलांस पाणी कोण घालीत होतें, आणि त्याच्या वार्धक्याचें पुढें काय झालें, हें संवादांत कोठेंच येत नाहीं.

आमच्या घरांची तुलना आम्ही रोमन मळ्यांशीं करीत आहों असें कोणी समजूं नये. प्रेमानें केलेल्या कष्टांस ती उपमा देणें अन्यायाचें होईल. आमचें म्हणणें इतकेंच कीं, एकाच्या विश्रांतीचें सुंदर वर्णन करितांना दुसऱ्याचे श्रम सहज वर्णनाबाहेर राहतात. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानें २०१९ सालीं लोकांच्या दिवसाच्या वेळेची पाहणी केली. तींत असें आढळलें कीं, घरांतलें बिनमोबदल्याचें काम करणाऱ्यांपैकीं स्त्रिया त्या कामास दिवसास सरासरीनें २९९ मिनिटें देतात आणि पुरुष ९७ मिनिटें. शिवाय असें काम मुळींच न करणाऱ्या पुरुषांची संख्या फार मोठी. वर अण्णासाहेबांचें उदाहरण आलें. त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांचें 'माझे पुराण' १९४४ सालीं प्रसिद्ध झालें. तें ज्यांनीं वाचलें असेल त्यांस, मोठ्या कार्याचा भार घरांत कोण उचलतें, हें निराळें सांगावयास नको. आणि मनूनें वनाची वाट दाखवितांनाच दोन पर्याय ठेवले आहेत : पत्नीस मुलांच्या स्वाधीन करून जावें, किंवा तिच्यासह जावें. आपण वनांत जात नाहीं, म्हणून हा प्रश्न आपल्यापुरता मिटला असें आपणांस वाटतें. वस्तुतः तो मिटलेला नाहीं. एका घरांत राहूनही मनुष्य एकटा निवृत्त होऊं शकतो.

ह्यावर असें म्हणतां येईल कीं, हें काम त्यांस आवडतें. नातवंडांसाठीं पुरण वाटणें हाच त्यांचा छंद. ह्यांत तथ्य आहे, आणि तें काम त्यांच्या हातून हिसकावून घेतल्यास त्यांस दुःख होईल हेंही खरें. परंतु दादा घड्याळ उघडतात, आणि कंटाळा आला म्हणजे त्यावर फडकें टाकून चार दिवस तसेंच ठेवतात. कोणी विचारीत नाहीं. वहिनींस कणीक मळून चार दिवस झांकून ठेवतां येईल काय ? काम आणि छंद यांतील भेद आवडीवरून ठरत नाहीं. तें सोडून देण्याच्या मोकळिकीवरून ठरतो. जें नाकारतांच येत नाहीं, त्यांत प्रेमाचा अंश किती आणि संवयीचा किती, हें तें करणारासही सांगतां यावयाचें नाहीं. मोकळीक दिल्यानें प्रेम कमी होत नाहीं; तें प्रेम आहे हें मात्र निश्चित होतें.

फेब्रुवारींत आम्ही चौघें दादांच्या मोटारीनें गुहागरास गेलों. वाट सातारा, कऱ्हाड, पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. दादांचें वेळापत्रक तयार होतें : दुपारीं बाराच्या आंत चिपळूण. कऱ्हाड येतांच वहिनी म्हणाल्या कीं, संगम पाहूं. कृष्णा आणि कोयना, दोघी महाबळेश्वरीं उगम पावून निराळ्या वाटांनीं येतात आणि येथें समोरासमोर येऊन मिळतात. वहिनी घाटाच्या पायरीवर बसल्या. दादांनीं दोन वेळां घड्याळाकडे पाहिलें. कांहीं वेळानें वहिनी म्हणाल्या, "दोघी इतक्या लांबून येऊन भेटल्या, आणि पुढं नांव मात्र एकीचंच." दादा नद्यांची लांबी आणि पाण्याचें प्रमाण समजावून सांगूं लागले, आणि मध्येंच थांबले. त्यांनीं मनगटावरचें घड्याळ काढून खिशांत घातलें व ते वहिनींच्या शेजारीं जाऊन बसले. आम्ही तेथें पाऊण तास होतों.

चिपळुणास पोंचावयास दोन वाजून गेले. एका साध्या खानावळींत जेवावयास बसलों. तव्यावरची पोळी थेट वहिनींच्या ताटांत पडली. ती मोडतां मोडतां त्या आमच्या पत्नीस म्हणाल्या, "अग, गरम पोळी एवढी मऊ लागते, विसरलेच होतें बघ !" चाळीस वर्षें ज्यांच्या हातच्या गरम पोळ्या आम्हीं खाल्ल्या, त्या स्वतः शेवटच्या पंगतीस बसत आल्या, हें आमच्या तेव्हां लक्षांत आलें. पडद्याआड पोळ्या लाटणारी बाईही साठीच्या घरांतलीच होती, हेंही येथें लिहिलें पाहिजे. तिला मजुरी मिळत होती, पण कागद तिलाही कोणी देणार नव्हतें.

परत आल्यावर आम्हीं आमच्या घरचा हिशेब मांडला. आमच्या पत्नीनें प्राथमिक शाळेंतील नोकरींतून दोन वर्षांपूर्वीं स्वेच्छेनें निवृत्ति घेतली. तेव्हांपासून 'ती आतां मोकळी झाली' असें आम्ही सर्वांस सांगत असूं. तिची एक नोकरी संपली आणि दुसरी पूर्ण वेळेची झाली, हें आमच्या ध्यानांत आलें नव्हतें. आतां आठवड्यांतून दोन दिवस स्वयंपाक आमच्याकडे असतो. पहिल्या दिवशींची आमटी खारट झाली. त्याहून वाईट म्हणजे मोहरी कोठें, हिंग किती, पाणी केव्हां, असें आम्ही पावलोपावलीं विचारीत होतों, आणि ती वर्तमानपत्र हातांत धरून बाहेर बसली असली तरी तिचें सर्व लक्ष आंत होतें. विचारून केलेलें काम अर्धें तिचेंच राहतें, एवढें त्या दिवशीं शिकलों. आतां डबे आम्हांस माहीत झाले आहेत. ती मात्र अजून दोनदां तरी दारांत येऊन उभी राहते. तिलाही मोकळा वेळ शिकावा लागत आहे.

दादांकडे मे महिन्यांत नाशिकची मुलगी आली, तेव्हां आमरसाचें काम दादांनीं घेतलें आणि पोळ्या बाहेरून आल्या. मुलीनें थोडें नाक मुरडलें. वहिनी तिला म्हणाल्या, "चालेल एक दिवस." त्या दुपारीं त्या नातवाबरोबर पत्ते खेळत होत्या, आणि झोंप त्यांस आली नाहीं.

स्नेही अजूनही तोच प्रश्न विचारतात. पुढें काय ठरविलें, ह्यास आम्ही सध्यां इतकेंच उत्तर देतों : आमचें ठरलें होतें, पण आतां दोघांचें ठरावयाचें आहे.