तिथी विचारणारं दार

हॉस्टेल बुक करायच्या वेबसाइटवर गेलात की ती आधी दोनच गोष्टी विचारते: कुठे आणि कधी. गाव टाका, यायची तारीख, जायची तारीख, माणसं किती, एवढं भरलं की समोर बिछान्यांची यादी येते. आठ जणांच्या खोलीतला एक बंक, चादर-उशी धरून साडेपाचशे. टॉवेल हवा असेल तर त्याचे वेगळे. काही साइटवर थोडी रक्कम आधी भरायची, उरलेली तिथे पोचल्यावर.

'अतिथी' या शब्दाची एक जुनी फोड आपल्या सगळ्यांना शाळेत सांगितलेली असते. ज्याच्या येण्याला तिथी नाही, तो अतिथी. वेबसाइटला नेमकी तिथीच लागते. मला याचं वाईट वगैरे वाटत नाही. न सांगता आलेला पाहुणा देव असतो तेव्हा रात्री दहा वाजता पुन्हा कणीक कोण मळतं, हे आपण घरोघरी पाहिलंय. तारीख विचारून, पैसे घेऊन उघडणारं दार त्या मानाने सरळ आहे. मी पैसे दिले, तू बिछाना दिलास, आईला उठावं लागलं नाही.

मला अडतं ते तारखेच्या पुढच्या पायरीवर, फिल्टरवर.

मी डेटाबेसशी रोज झगडणारा माणूस आहे, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. यादीशी दोन प्रकारे वागता येतं. एक 'ऑर्डर बाय', म्हणजे क्रम लावणं. स्वस्त वर, महाग खाली. यात कोणी बाद होत नाही. खालचे खाली का होईना, असतात. दुसरं 'व्हेअर', म्हणजे अट घालणं. अटीत न बसणारा यादीत खाली जात नाही, तो यादीतच येत नाही. स्क्रीनवर दोन्ही गोष्टी एका बोटाने होतात, शेजारी शेजारी. पण पहिल्यात मी कोणाला तरी मागे ठेवतो आणि ते मला दिसतं. दुसऱ्यात मी कोणाला तरी नाकारतो आणि ते मला कळतसुद्धा नाही.

आपण सगळे लावतो तो एक साधा फिल्टर घ्या: रेटिंग नऊच्या वर. समजा एखाद्या हॉस्टेलला वीस जणांनी गुण दिलेत आणि सरासरी आहे ९.२. त्या विसांतल्या एकाने, रात्री शेजारचा घोरत होता म्हणून, दहाऐवजी चार दिले असते तर सरासरी ८.९ झाली असती. सहा गुण भागिले वीस, ०.३. एका माणसाची एक वाईट झोप, आणि ते हॉस्टेल 'नऊच्या वर'वाल्या प्रत्येकासाठी नाहीसं. तिथल्या जिन्याखाली झोपणारा, सकाळी सहाला उठून संडास धुणारा पोरगा तोच, त्याचं काम तेच.

तरी हे हॉस्टेलचं नुकसान झालं. माझ्यासमोर प्रश्न आला तो माणसांचा.

या डिसेंबरात मी आणि बाबा केरळला जायचं ठरवतोय. कोची, अलेप्पी, वर्कला. नऊ दिवस, आठ रात्री. बिछान्याला सहाशेच्या आत धरले तर दोघांचं राहणं नऊ हजार सहाशेत बसतं. बाबा एसटीत कंडक्टर होते, आता एकसष्ट वर्षांचे आहेत. त्यांच्या नोकरीतली बरीच वर्षं मुक्कामी गाडीवर गेली. ज्यांना मुक्कामी गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी: संध्याकाळची शेवटची एसटी गावात जाते, रात्री तिथेच थांबते आणि पहाटे पहिली म्हणून परत निघते. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीत नाहीतर देवळात झोपतात. कोणाच्या तरी घरून भाकरी-पिठलं येतं. अनोळखी माणसांच्या शेजारी झोपणं, आपली पिशवी उशाला घेणं, सकाळी नंबर लावून आंघोळ करणं, यात बाबांचा जितका अनुभव आहे तितका माझ्या सगळ्या बॅकपॅकर मित्रांचा मिळून नसेल. डॉर्म म्हणजे काय ते मी समजावलं तेव्हा ते म्हणाले, "पाठ टेकायला जागा झाली की झालं की."

दोघांची वयं धरून शोधायला लागल्यावर मला आवडलेल्या पाचपैकी तीन हॉस्टेलच्या नियमांत एक ओळ सापडली: वय १८ ते ४५. कुठे १८ ते ४०. कारण दिलेलं नाही. तिथे कारण द्यायची पद्धतच नाही.

त्याच नियमांत, भारतातल्या कितीतरी हॉस्टेलांच्या पानावर असते तशी, आणखी एक ओळ होती: स्थानिक आयडी चालणार नाही. म्हणजे तुमच्या आधारवर त्याच शहराचा पत्ता असेल तर बिछाना मिळणार नाही. पर्यटकाला या ओळीचा त्रास नसतो, कारण पर्यटक नेहमी दुसऱ्या गावचाच असतो. म्हणून ती ओळ आपण वाचून सोडून देतो. मीही सोडून दिली असती, पण ती ओळ कोणाला लागते ते मला माहीत होतं.

आमच्या टीममधली एक ज्युनियर मुलगी. पुण्यातच वाढलेली, पुण्याचाच पत्ता. घरी लग्नावरून भांडण झालं आणि ती रात्री अकरा वाजता लॅपटॉपची बॅग घेऊन बाहेर पडली. खात्यात पैसे होते, फोनवर ॲप होतं, बिछाने रिकामे दिसत होते. दोन हॉस्टेलांनी आधार पाहून नाही म्हटलं. एका लॉजने एकटी मुलगी म्हणून नाही म्हटलं. शेवटी ती टीममधल्याच माझ्या एका मैत्रिणीकडे गेली आणि चार दिवस राहिली.

आता याच मैत्रिणीचं म्हणणं ऐका, कारण ते बाजूला ठेवून हा लेख लिहिणं लबाडी होईल. ती एकटी फिरते. बुकिंग करताना ती फक्त मुलींची डॉर्म निवडते, सुरक्षिततेला नऊच्या वर गुण बघते, आणि स्थानिक आयडी घेत नाहीत असं दिसलं की तिला बरं वाटतं. एका ठिकाणी गावातलीच पोरं टेरेसवर पार्टीला म्हणून बिछाने घेऊन आली होती आणि रात्रभर तिच्या खोलीचं दार वाजत होतं. मी तिला 'व्हेअर' आणि 'ऑर्डर बाय'चं तत्त्वज्ञान ऐकवलं तेव्हा ती म्हणाली, "तुझ्यासाठी तो फिल्टर आहे. माझ्यासाठी ती कडी आहे."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आजही पूर्ण नाही. कडी लावायचा हक्क प्रत्येकाला आहे. पण त्याच कडीच्या बाहेर ती दुसरी मुलगी उभी होती. एकीला झोप लागावी म्हणून केलेला नियम दुसरीला रस्त्यावर ठेवतो. आणि गंमत नाही, खरंच सांगतो: कडी हवी म्हणणाऱ्या मैत्रिणीनेच रात्री बाराला दार उघडलं. कारण तिच्यासमोर 'स्थानिक आयडी' नव्हता, एक माणूस होता आणि तो बोलत होता.

वाटसरूला जागा कोणी द्यायची, कोणाला नाही, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. अमुक समाजाची धर्मशाळा, तमुक ज्ञातीची धर्मशाळा, या पाट्या अजूनही तीर्थक्षेत्रांत दिसतात. पंढरपुरात गाडगेबाबांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभारली, कारण अस्पृश्य ठरवलेल्या वारकऱ्यांना इतरत्र पाठ टेकायला जागा नव्हती. १९४९ मध्ये ती त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. खुद्द आंबेडकर परदेशात शिकून बडोदा संस्थानाच्या नोकरीसाठी आले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशांसाठी असलेल्या एका पथिकाश्रमात त्यांनी वहीत पारशी नाव लावून आसरा घेतला. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेली माणसं जिना चढून आली आणि त्यांना बाहेर काढलं. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या आठवणींत हे सगळं आहे.

मी या दोन गोष्टी एका पारड्यात घालत नाहीये. बाबांना डॉर्म न मिळणं आणि ते, यांची तुलनाच होऊ शकत नाही. पण तो अनुभव वाचल्यावर एक गोष्ट विसरता येत नाही: मुक्कामाच्या वहीत काय लिहायचं, हा साधा कागदी प्रश्न कधीच नसतो.

पुढे संविधान आलं आणि त्याच्या कलम १५(२) मध्ये स्पष्ट लिहिलं गेलं की केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणाही नागरिकाला दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांत जाण्यापासून अडवता येणार नाही. यादी नीट वाचा. जन्मस्थान आहे, राहण्याचा पत्ता नाही. वयही नाही. म्हणजे माझ्यासमोरचे दोन्ही नियम त्या यादीच्या बाहेर पडतात. ते योग्य की अयोग्य, हे त्या ओळीत शोधून मिळणार नाही. आपल्यालाच ठरवावं लागेल.

मी ठरवायचा प्रयत्न केला तो असा. आधी वाटलं, नाकारायचं असेल तर ते माणसाने तोंडाने सांगावं, एवढी अट पुरे. 'नाही' म्हणायलाही थोडं बळ लागतं, समोरच्याचा चेहरा बघावा लागतो. फिल्टर ते ओझं दोघांच्याही अंगावरून काढून घेतो: मालकाला नाही म्हणावं लागत नाही, मला ऐकावं लागत नाही. पण बडोद्याला तर तोंडावरच सांगितलं होतं, तेही लाठ्या घेऊन. नुसतं समोरासमोर असणं पुरत नाही.

मग दोन प्रश्न उरतात. पहिला: नियम माणसाच्या वागण्याला हात घालतो की माणसालाच? 'अकरानंतर आवाज केलात तर बाहेर काढू' हा नियम मैत्रिणीचं दार वाजवणाऱ्यांना लागतो, मग ते पुण्याचे असोत की पॅरिसचे. स्थानिक आयडीचा नियम त्यांना पुण्यात अडवतो आणि गोव्यात आत घेतो. वागणं तेच राहतं, फक्त गाव बदलतं. दुसरा प्रश्न: ज्याला नाही म्हटलं त्याला दुसरं दार आहे का? बाबांना आहे. थोडे जास्त पैसे टाकले की लॉजची खोली मिळेल. मुलींच्या डॉर्ममधून मला वगळलं तर शेजारची डॉर्म आहे. म्हणून तो फिल्टर मला खटकत नाही. त्या मुलीला रात्री साडेअकराला तिसरं दार नव्हतं. दोन्ही प्रश्नांवर तो नियम नापास होतो, असं मला वाटतं. मैत्रिणीला अजून तसं वाटत नाही. ती म्हणते, वागणं कळेपर्यंत रात्र उलटलेली असते.

वयाच्या बाबतीत मी एक केलं. त्या तिन्ही हॉस्टेलांना फोन लावले. एकाने उचललाच नाही. दुसऱ्याने नम्रपणे सांगितलं, आमच्याकडे रात्री गाणीबजावणी असते, वडिलांना त्रास होईल, नको. हे 'नाही' मला पटलं, कारण त्यात कारण होतं आणि मी त्यावर बोलू शकत होतो. तिसऱ्या ठिकाणचा मुलगा वर्कल्याहून हिंदीत म्हणाला, साइटवर वयाचा रकाना होता म्हणून कधीतरी भरला. अंकलना घेऊन या, फक्त वरचा बंक नको, खालचा राखून ठेवतो.

रकाना होता म्हणून भरला. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला हे वाक्य जरा लागतं. असे रकाने मीही बनवतो. 'किमान' आणि 'कमाल' असे दोन चौकोन ठेवले की कोणीतरी त्यांत आकडे टाकणारच. रिकामा चौकोन माणसाला बघवत नाही. आणि एकदा आकडा पडला की त्याचा नियम होतो, मग मनात कोणाला नाकारायचं नसलं तरी नकार रोज जात राहतो.

मी फिल्टर वापरणं सोडलेलं नाही. पैशांचा लावतोच, खिसा तेवढाच आहे. बाकीच्या गोष्टींना क्रम लावतो आणि यादी खालपर्यंत बघतो. रिव्ह्यू लिहिताना गुणांसोबत दोन ओळी टाकतो: खालचे बंक किती, जिना किती चढावा लागतो, फोन उचलतात का. एकसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा डॉर्म शोधणाऱ्या कोणाला तरी त्या लागतील.

वर्कल्याच्या तीन रात्री पक्क्या झाल्यात. कोचीचं अजून ठरायचंय. तिथल्या एका हॉस्टेलला ८.९ आहेत.