न केलेल्या कर्माचे फळ

कर्मसिद्धान्ताची मांडणी करताना आपल्या शास्त्रकारांनी दोन दोषांची धास्ती विशेष बाळगलेली दिसते. केलेले कर्म फळ न देताच नाहीसे व्हावे हा एक, आणि जे आपण केलेच नाही त्याचे फळ आपल्या पदरी यावे हा दुसरा. पहिल्यास कृतनाश व दुसऱ्यास अकृताभ्यागम अशी नावे देऊन, या दोहोंपैकी एकही ज्या विश्वात संभवतो ते विश्व न्यायाचे म्हणता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती, आणि पुनर्जन्माच्या कल्पनेस जो तार्किक आधार मिळाला तो बव्हंशी याच भूमिकेतून मिळाला. ज्याचे त्याचे खाते स्वतंत्र, ज्याची त्याची बाकी त्याच्याच नावे, आणि वसुलीच्या वेळी वारस किंवा जामीन म्हणून दुसरा कोणी उभा राहावयाचा नाही, ही व्यवस्था मनास मोठा दिलासा देणारी आहे यात शंका नाही. तथापि दुसऱ्याने जोडलेली वस्तू माणूस ज्या दिवशी दुरुस्तीसाठी हाती घेतो, त्या दिवशी या व्यवस्थेची खरी परीक्षा होते. मोटारीच्या ब्रेकच्या चकतीवर जे दोन लहान स्क्रू असतात, त्यांच्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार करावा असे मला पुष्कळ दिवस वाटत आले आहे. वस्तू क्षुद्र असली तरी तिच्यापाशी अडलेला प्रश्न क्षुद्र नाही.

होंडाच्या बहुतेक गाड्यांत पुढल्या चाकामागे बिडाची जी चकती असते, ती हबवर या दोन स्क्रूंनी बसवलेली असते. सहा मिलिमीटर व्यासाचे, शंकूसारख्या उतरत्या मुंडीचे, आणि मुंडीवर अधिकच्या चिन्हाची खाच असलेले हे स्क्रू गाडी धावत असताना वस्तुतः काहीच भार वाहत नाहीत. चकतीला हबशी आवळून धरण्याचे काम चाकाचे नट करतात. ते सुमारे १०८ न्यूटन-मीटर इतके आवळावयाचे असतात, तर या स्क्रूंना जेमतेम दहा पुरतात. मग ते आहेत कशासाठी? कारखान्यात गाडी जोडणीच्या रांगेतून पुढे सरकत असता, चाक चढेपर्यंत चकती निसटू नये, एवढ्यासाठी. काम थोड्या वेळाचे. पण काम संपले म्हणून स्क्रूला कोणी रजा देत नाही. तो तेथेच राहतो, आणि पुढील कित्येक वर्षांचे पावसाळे, किनाऱ्यावरची खारी हवा, घाट उतरताना चकतीस चढणारी शेकडो अंशांची उष्णता व तिच्यामागून येणारा गारवा, हे सारे निमूटपणे सोसतो. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्यामुळे आट्यांमधील केसाएवढ्या फटीत तो धरला की फट उरत नाही, आणि मुंडीचा उतार चकतीच्या खळग्यात असा रुतून बसतो की दोन वस्तू होत्या हे सांगूनही खरे वाटू नये.

त्या खाचेचीही एक कथा आहे. अमेरिकेतील ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड येथील हेन्री फिलिप्स यांनी १९३६ साली या धर्तीच्या खाचेची पेटंटे मिळवली, आणि मोटारींच्या कारखान्यांनी ती लवकरच उचलली. कारण सरळ चिरेच्या स्क्रूत पेचकसाचे टोक घसरून बाजूस जाते, तर या खाचेत ते आपोआप मध्यावर येऊन बसते व रांगेतल्या कामगाराचा वेळ वाचतो. परंतु टोक मध्यावर आणणाऱ्या त्याच उतरत्या बाजू, जोर वाढला की टोकास वर ढकलून बाहेर काढतात, आणि बाहेर पडता पडता ते खाचेच्या कडा खाऊन टाकते. त्यातही जपानी बनावटीच्या खाचेचे माप किंचित निराळे असल्यामुळे नेहमीचे फिलिप्सचे टोक तिच्या तळाशी नीट टेकत नाही. जोडणाऱ्याची सोय आणि सोडवणाऱ्याची अडचण अशी एकाच उतारावर नांदते. येथे कोणाचे पाप नाही, दुष्ट हेतू नाही. एकाने आपली सोय पाहिली आणि तिचे फळ, त्याच्या ध्यानीमनीही नसताना, दूरच्या दुसऱ्याच माणसाच्या हातात पडले.

रत्नागिरीच्या बाजूस, समुद्राचा वारा थेट आत येईल अशा एका गॅरेजात हे काम मी जवळून पाहिले. ज्याला सारे अण्णा म्हणत तो वयस्क कारागीर आणि त्याच्या हाताखालचा एक पोर, असे दोघे चकती उतरवीत होते. पोराने पेचकस लावून जोर केला, टोक उसळले, आणि खाचेची एक कड चकचकीत होऊन निघाली. तो वैतागून म्हणाला, "अण्णा, आधीच्यानं आवळून मारलाय, आणि भोग आपल्याला." अण्णाने वर न पाहताच उत्तर दिले, "आवळणाऱ्याला काय ठाऊक रे, उघडायला तू येणार म्हणून? आण तो इम्पॅक्ट."

इम्पॅक्ट ड्रायव्हर हे एक जाड दांड्याचे हत्यार आहे. त्याच्या पोटात तिरप्या खोबणी असतात, त्यामुळे माथ्यावर हातोडा पडला की तो घाव टोकास आत दाबतो आणि त्याच क्षणी थोडेसे फिरवतोही. नुसत्या मनगटाच्या पिळाने जे टोक बाहेर उसळते तेच येथे घावाच्या दाबाने खाचेत रुतलेले राहते. अण्णाने खाचेतला गंज पोगराने खरवडला, तेल सोडून ते मुरू दिले, टोक ठोकून तळापर्यंत बसवले, आणि मग मोजके घाव घातले. एक स्क्रू बारीक किंचाळला आणि सुटला. दुसऱ्याची खाच पोराच्या हाताखाली पुरती गेली होती. तेव्हा मध्यावर पंच मारून, स्क्रूच्या दांड्याहून किंचित जाड ड्रिलने त्याची मुंडी पोखरली, ती कड्यासारखी गळून पडली, आणि चकती मोकळी झाली. ज्याने एवढा हट्ट धरला होता त्या स्क्रूचा उरलेला दांडा, मुंडीवरचा ताण जाताच, पकडीने धरून अलगद फिरवता आला. खरा बंध आट्यांत थोडा होता. मुंडीच्या त्या उतरत्या कडेत अधिक होता.

पोराची तक्रार मला न्याय्य वाटली. कर्मसिद्धान्ताच्या कडव्या कैवाऱ्याने तिला काय उत्तर दिले असते हे सांगणे कठीण नाही: या पोराच्या वाट्याला हा गंजलेला स्क्रू आला तो त्याच्याच पूर्वसंचितामुळे, आवळणारा केवळ निमित्त. असे म्हटल्याने अकृताभ्यागमाचा दोष टळतो खरा. पण आवळणारा निमित्तमात्र ठरला की त्याने नीट आवळावे असे त्यास बजावण्याचा अधिकार कोणास उरत नाही, आणि भोगणारा स्वतःचेच भोगतो असे ठरले की त्यास हात देण्याची निकडही कोणास वाटत नाही. या युक्तिवादाने आपल्या समाजात किती दारे बंद केली, किती पिढ्यांना त्यांचे दुःख हे त्यांचेच कृत्य आहे असे पटवून गप्प बसवले, हे आठवले म्हणजे तर्काच्या सोयीसाठी एवढा निर्दयपणा पत्करण्यास माझे मन मुळीच तयार होत नाही.

जुन्या ग्रंथकारांनाही ही अडचण जाणवली होती. अधर्माचे फळ कर्त्यावर न आले तर पुत्रावर, आणि पुत्रावर न आले तर नातवावर येते, असे मनुस्मृतीचा चौथा अध्याय सांगतो. उलट यहुदी प्रेषित यहेज्केल आपल्या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात, बापाच्या अपराधाचा भार पुत्राने वाहावयाचा नाही, असे तितक्याच निक्षून सांगतो. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'तील कर्मविपाकाच्या प्रकरणात टिळकांनी कर्माचा कायदा व्यक्तीप्रमाणेच कुटुंबास, समाजास आणि राष्ट्रासही लागू केला, आणि माणूस ज्या कुळात वा राष्ट्रात जन्मतो त्याच्या कर्माचा काही अंश त्यास भोगावाच लागतो हे मान्य केले. या तिघांत मला टिळकांचे म्हणणे वस्तुस्थितीस अधिक धरून वाटते. तरीही ते पुरते पडत नाही. कारण स्क्रू आवळणारा आणि उघडणारा यांचे ना कूळ एक, ना गाव एक, आणि त्या स्क्रूखेरीज त्यांच्यात दुसरा संबंधच नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात मात्र एक विचार आहे, जो येथे नेमका उपयोगी पडतो. कोणत्याही कर्माच्या सिद्धीस अधिष्ठान, कर्ता, करण, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव अशी पाच कारणे लागतात, आणि जो केवळ स्वतःसच कर्ता समजतो त्यास यथार्थ दिसत नाही, असे तेथे म्हटले आहे. हा स्क्रू घट्ट झाला तो एका हाताने नव्हे. हबच्या धातूने, आवळणाऱ्याने, त्याच्या हत्याराने, पुढच्या चालकाने घाटात दाबलेल्या ब्रेकने आणि समुद्रावरून आलेल्या वाऱ्याने मिळून तो घट्ट केला. जे कर्म मुळात पाचांच्या भागीदारीत झाले त्याचे फळ एकाच्याच खात्यावर चढवण्याचा आग्रह हाच हिशेबातला दोष नव्हे काय? 'केलेले' आणि 'न केलेले' यांतली जी सीमा आपण इतकी पक्की धरतो, ती दुरुस्तीच्या कामात जागोजाग पुसलेली सापडते.

म्हणून मला असे वाटते की, अशा प्रसंगी कर्मफळाच्या कल्पनेपेक्षा ऋणाची कल्पना सत्याच्या अधिक जवळ जाते. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण तीन ऋणे घेऊनच जन्मतो असे सांगितले आहे; ऋषींचे ऋण ब्रह्मचर्याने, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे प्रजेने फेडावयाचे. त्या ऋणाच्या दस्तऐवजावर नवजात बालकाची सही नसते. जे घेतलेच नाही ते फेडावयाचे, हा तर उघड अकृताभ्यागम झाला. तरी यास अन्याय म्हणण्याचे कोणास सुचले नाही, ते का? कारण देण्याच्या आधी त्याला न मागता पुष्कळ मिळालेले असते. त्या पोरास दुसऱ्याचा गंज मिळाला, ही खरी गोष्ट. पण घावाचे रूपांतर फेऱ्यात करणारे हत्यार त्याने बनवले नव्हते, ड्रिल त्याने शोधले नव्हते, आणि मुंडी गेली म्हणजे दांडा सैल होतो हे ज्ञान त्यास अण्णाकडून, आणि अण्णास आणखी कोणाकडून, विनामूल्य आले होते. न केलेल्या कर्माचे कडू फळ नाकारण्याचा हक्क ज्यास हवा असेल, त्याने हे गोड फळही परत केले पाहिजे. आणि ते परत केले तर तो रिकाम्या हातांनी त्या चकतीपुढे उभा राहील.

पितृऋणाचे आणखी एक वैशिष्ट्य असे की ते पितरांस परत करता येत नाही. ज्यांच्याकडून घेतले ते गेलेले असतात, आणि फेड होते ती पुढे येणाऱ्याकडे. अण्णाने चकती उतरल्यावर हबचा माथा तारेच्या ब्रशने घासून चकचकीत केला, आटे स्वच्छ केले, आणि नव्या स्क्रूच्या आट्यांना, ते पुन्हा जाम होऊ नयेत म्हणून, अँटीसीझ नावाच्या लेपाचा अगदी पातळ हात दिला. चकतीच्या घासणाऱ्या अंगास त्याचा डाग लागू नये म्हणून तो फारच जपत होता, कारण तेथे लागलेला स्निग्ध पदार्थ ब्रेकचेच बळ खातो. ही फेड मला कोणत्याही तर्पणाहून कमी पवित्र वाटली नाही.

पुष्कळ कारागीर हे स्क्रू परत बसवीतच नाहीत. नट तर चकतीस धरतातच, मग पुन्हा जाम होणारी वस्तू कशास ठेवा, हा त्यांचा युक्तिवाद यंत्रशास्त्रास सोडून नाही, आणि त्यामुळे गाडीस धोकाही होत नाही. परंतु स्क्रू नसला म्हणजे पुढल्या वेळी चाक उतरताच चकती कलते, मागच्या गंजाचा पापुद्रा हब आणि चकती यांच्यामध्ये शिरतो, चकती वाकडी बसते, आणि ब्रेक दाबताना पायास थरथर जाणवू लागते. म्हणजे आपली कटकट वाचवून ती न पाहिलेल्या माणसाच्या नावे वर्ग करणे, हाच त्याचा अर्थ होतो. मी तरी या मार्गास संमती देणार नाही.

हे काम ज्यांच्या हातून होते त्यांस, आणि ज्यांच्या गाडीचे होते त्यांसही, माझी विनंती आहे की खाच खाल्लेला जुना स्क्रू पुन्हा बसवू नये व बसवू देऊ नये. नवा मागून घ्यावा, खाचेच्या तळास टेकेल अशाच टोकाने तो फिरवावा, आणि दहा न्यूटन-मीटरच्या पुढे आवळू नये.